केवळाबाईची कूस

१४ जून २००४, लातूर

माझ्या भावाच्या मुलाने, आसिफने, आज मला इथे आणून सोडलं. नांदेडहून निघाल्यापासून तो गाडीत एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने बोलत होता, की फुफी, तिथे तुमच्या बरोबरीची माणसं असतील. मुदखेडच्या जिल्हा परिषद शाळेत मी हयात घालवली, मराठी शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका झाले. माझ्या बरोबरीचं माणूस मला तिथेही भेटलं नाही, इथे कुठून भेटणार.

या जागेचं नाव 'आनंदछाया सहनिवास'. वृद्धाश्रम म्हटलेलं मालक गुरुपादप्पा यांना चालत नाही. याच इमारतीत पूर्वी त्यांचं बारावीच्या मुलांचं वसतिगृह होतं. पुढे गल्लोगल्ली वसतिगृहं निघाली, यांचं मागे पडलं, तेव्हा यांनी मुलं काढली आणि म्हातारी भरली. जेवणघराच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता अजून तसाच रंगवलेला आहे. माझ्या ताटासमोर हेलियम येतो. जेवणाची घंटाही अभ्यासाचीच, कर्कश.

आसिफ दर महिन्याला येईन म्हणाला. मुलगा शब्दाचा पक्का आहे.

१७ जून

खोलीत माझ्यासोबत केवळाबाई म्हणून एक बाई आहे. शिरूर अनंतपाळकडची, शेतकरी घरातली, अक्षरशत्रू. मशेरी लावते, तोंड उघडं टाकून झोपते आणि खाट ऐन दारात आडवी लावून बसली आहे. आज माझ्या नडगीला लागलं. गुरुपादप्पांकडे जाऊन तक्रार केली, तर म्हणाले, ती खाट हलवू नका मॅडम, ती आरडाओरडा करते. भूकंपात तिचं घर बसलं. नवरा शेषेराव आतल्या खोलीत होता, तो गेला. ही दाराशी होती म्हणून वाचली. तेव्हापासून दाराशीच झोपते.

मी म्हटलं, त्याला अकरा वर्षं होत आली.

खोलीत परत आले तर बाई मलाच विचारते, "मास्तरीणबाई, तुमी आतल्या अंगाला निजता, भ्या वाटत न्हाई का?"

ही इमारत सिमेंटची आहे, असं मी तिला समजावून सांगितलं.

"आमच्या भिंती बी लई रुंद हुत्या," म्हणाली. अशा माणसाशी काय बोलायचं.

११ जुलै

केवळाबाईचा मुलगा बालाजी येऊन गेला. लातुरात त्याचं घर क्लासेसच्या भागात आहे. त्याने वर मजले चढवून मुलांचं वसतिगृह केलंय, खाली खानावळ. आईची खोली होती तिथे आता पोरांच्या खाटा आहेत. हे सगळं त्याने मला कौतुकाने सांगितलं, जणू मी शाबासकी देणार होते. चार केळी आणली होती. चहा अर्धा ठेवून उठला. जाताना आईने काय विचारावं, तर पोरांना भाकरी मिळते का रे, का नुसता भातच.

जन्मदात्या आईची खोली परक्या पोरांना देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. माझी गोष्ट निराळी. आसिफच्या मुलीची, जेबाची अकरावी झाली, पुढे डॉक्टरकीची परीक्षा आहे, तिला अभ्यासाला स्वतंत्र खोली हवीच होती. शिक्षणासाठी मी स्वतःहून होकार दिला. आसिफने विचारायच्या आधीच माझं सामान आवरून ठेवलं होतं, इतका तो माझा स्वभाव ओळखतो.

२२ ऑगस्ट

आसिफला या महिन्यातही दुकान सोडता आलं नाही. धंदा म्हटला की असं होतं.

केवळाबाईने एक नवीन खूळ काढलंय. मी नमाजला बसले की ती दारातल्या खाटेवर उठून बसते आणि आत येणाऱ्याला हातानेच थांबवते. आज तिने गुरुपादप्पांनाही थांबवलं. मी तिला असं काही करायला सांगितलेलं नाही. देवळाबाहेर चपला राखणाऱ्या बाईचा तोरा आहे सगळा.

दुपारी मी पेपर वाचते तेव्हा मोठ्याने वाचा म्हणते. वाचते. नाहीतरी माझा उच्चार शाबूत राहायला हवा.

३० सप्टेंबर

भूकंपाचा दिवस. केवळाबाई आज जेवली नाही. नागम्माने ताट परत नेलं. नागम्मा म्हणजे इथली आया, उदगीरकडची, अर्धं कानडी बोलते आणि दिवसभर घाईत असते.

संध्याकाळी केवळाबाई आपणहून बोलायला लागली. शेषेरावांचा आवाज मातीच्या खालून बराच वेळ येत होता म्हणे. बालाजी तेव्हा लातुरात शिकायला होता. गावातल्या कुणाच्याच घरात धड माणूस उरला नव्हता, कोण कुणाचं उकरणार. ती हातांनी माती ओढत राहिली. शेवटी आवाज थांबला. हे सगळं तिने गहू निवडताना बोलावं तसं सांगितलं. न रडता. या लोकांना दुःखही नीट करता येत नाही.

मी पेपर वाचून दाखवला नाही. उगाच तिच्या पायावर शाल टाकली, खोलीत वारा होता म्हणून.

२१ नोव्हेंबर

सकाळी केवळाबाईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं, मशेरीची डबी हातातून पडली. मी घंटा वाजवली, वाजवत राहिले. नागम्मा आली, मग गुरुपादप्पा, मग रिक्षा. दारातली खाट रिकामी आहे. येण्याजाण्याला आता अडचण नाही.

९ डिसेंबर

दवाखान्यातून तिला परत आणलं, पण आमच्या खोलीत नाही. स्वयंपाकघराच्या मागे वसतिगृहाच्या काळातली कोठीची खोली आहे, तिला आता 'विशेष कक्ष' म्हणतात. गुरुपादप्पा म्हणाले, तिथे लक्ष द्यायला सोपं जातं. त्या खोलीला खिडकी नाही आणि दार खाटेपासून लांब आहे, हे त्यांना दिसलं नसावं. मी सांगितलं. ते हसून म्हणाले, तिला आता कुठे कळतंय मॅडम.

दारातल्या जागी त्यांनी कुंडी आणून ठेवली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, अंग कोरडं ठेवायचं आणि हवेची गादी घालायची. सोबत आलेली सिस्टर रिक्षातून उतरवताना हे सांगत होती, मी स्वतः ऐकलं. गुरुपादप्पाही तिथेच उभे होते, मान डोलावत.

२ जानेवारी २००५

थंडीमुळे मी मधले दिवस मागच्या खोलीकडे गेले नव्हते. माझे गुडघे दुखतात. आज गेले. दारातच वास आला. पांघरूण ओलं होतं. केवळाबाई पाठीवर सरळ होती. माझ्याकडे पाहून तिने उजवा हात हलवला, बोलणं कळत नव्हतं. नागम्माला म्हटलं, हिला माझ्यासमोर कुशीवर कर. नागम्मा म्हणाली, अम्मा, एकटीला उचलत नाही, दोघी लागतात, दुसरी बाई दिवाळीलाच सोडून गेली. मग आम्ही दोघींनी केलं.

कंबरेच्या खाली, माकडहाडावर तळहाताएवढी जखम आहे. कडा लाल आणि मधे काळं. त्या काळ्याच्या खाली आणखी काहीतरी आहे. मी पुष्कळ मुलांचे फुटलेले गुडघे धुतले आहेत. हे त्यातलं नव्हतं.

तशीच गुरुपादप्पांकडे गेले. ते म्हणाले, आम्ही खोली देतो, जेवण देतो, सोबत देतो. हे हॉस्पिटल नाही. गादी नातेवाइकांनी आणायची असते. मग मी तिथूनच बालाजीला फोन लावला. तो म्हणाला, म्याडम, गादी बी मीच आणायची तर तिथं ठिवलंय कशाला तिला. दोघांच्या मधे एक हवेची गादी, आणि दोघांनाही वाटतं ती दुसऱ्याची आहे. माझ्या वर्गात पाचवीची पोरं खडूच्या डब्यावरून अशी भांडत, पण त्यांच्या हातून निदान कुणी सडत नव्हतं.

६ जानेवारी

ताप. केवळाबाईला सरकारी दवाखान्यात नेलं. जखम हाडापर्यंत गेली आहे म्हणाले. बालाजी आला होता. आईची पाठ पाहून तो भिंतीला धरून खाली बसला. बरं झालं. त्याने बघायलाच हवं होतं.

२० फेब्रुवारी

बालाजीने जिल्हा ग्राहक मंचात दावा लावला आहे. त्याच्या वकिलाच्या कागदात 'शय्याव्रण' असा शब्द आहे. जखमेला असं सोवळं नेसवल्यावर तिचा वास येत नसावा.

बालाजीला अचानक आई आठवली आहे. मंचासमोर तो डोळे पुसतो म्हणे. मला त्याची किळस येते. आसिफलाही फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात नक्की येतो.

१३ मार्च

गुरुपादप्पा आज माझ्या खोलीत आले, सोबत त्यांचा वकील, आणि फळांची टोपली. माझ्या नावाचं शपथपत्र टाईप करूनच आणलं होतं, मी फक्त सही करायची. त्यात लिहिलं होतं की मुलगा क्वचित येई, केवळाबाई हट्टी होत्या, खाट हलवू देत नसत, संस्थेचे कर्मचारी प्रेमळ आहेत.

यातलं पहिलं खरं आहे. दुसरंही खरं आहे. बालाजीला धडा मिळावा असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे मी पेन हातात घेतलं होतं. पण पहिल्याच परिच्छेदात नऊ चुका. 'कर्मचारि' ऱ्हस्व. 'सुश्रुषा'. मी त्यांना म्हटलं, हे असलं मी माझ्या नावाने जाऊ देणार नाही. ठेवून जा, मी नीट लिहून देते.

१४ मार्च

लिहायला बसले. एकदा नीट लिहायला घेतलं की मधलं गाळता येत नाही. मुलगा क्वचित येई, हे लिहिलं. मग ती खाट दारात का लावत असे, हे लिहावं लागलं. मग ती खाट तिथून कुणी काढली, हे. मग मागची खोली, नागम्मा एकटी, ओलं पांघरूण, जखम, आणि २ जानेवारीला मी गुरुपादप्पांना सांगितलं तेव्हा ते काय म्हणाले, ते त्यांच्याच शब्दांत.

गुरुपादप्पांनी उभ्याउभ्याच वाचलं. मग घडी घातली. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला इथंच राहायचं आहे."

त्यांनी ते सौजन्याने म्हटलं. मलाही ते माहीत होतं. नांदेडची खोली जेबाकडे आहे. मी म्हटलं, हो, म्हणून तर शुद्ध लिहिलं.

त्यांनी तो कागद नेला.

३ एप्रिल

गुरुपादप्पांनी माझा कागद मंचात दिलाच नाही. मग बालाजीचा वकील माझ्याकडे आला. त्याला मी तेच पुन्हा लिहून दिलं. बालाजीबद्दलचं वाक्यही ठेवलं. वकिलाने ते काढायला सांगितलं, मी काढलं नाही.

२६ एप्रिल

मंचात गेले. तिथे सहसा सगळं कागदावरच चालतं, पण गुरुपादप्पांच्या वकिलाने माझी उलटतपासणी मागितली आणि ती मिळाली. पंखा नव्हता. बालाजी पहिल्या बाकावर नवा सदरा घालून.

वकील आधी गोड बोलला. मी शिक्षिका, समाजाला वळण लावणारी वगैरे. मग विचारलं, आपण केवळाबाईंच्या खोलीत पाच महिने राहिलात, त्यांची आपल्याला माया होती का. मी म्हटलं, नव्हती. त्या आजारी पडल्यावर आपण त्यांना भेटायला जात होता का. म्हटलं, थंडीत नाही.

"डॉक्टरांची सूचना आपण स्वतःच्या कानांनी ऐकली होती. मग आपण कूस का नाही बदललीत?"

"ते माझं काम नव्हतं. मी तिथे पैसे भरून राहते."

"म्हणजे जबाबदारी आपली नव्हती."

"नव्हती."

"आमचंही म्हणणं एवढंच आहे," तो म्हणाला आणि बसायला निघाला.

मंचाच्या अध्यक्षबाईंनी त्याला बसू दिलं नाही. त्या म्हणाल्या, वकीलसाहेब, तक्रारदाराने पैसे दिलेत आणि तुमच्या पक्षकाराने घेतलेत. पैसे घेऊन सांभाळतो म्हणणाऱ्याने सांभाळायचं असतं. दवाखाना नाही म्हणता, तर मग अशा माणसाला ठेवून का घेतलंत, त्याच दिवशी नकार का दिला नाहीत. मग त्या बालाजीकडे वळल्या. म्हणाल्या, आणि तुम्हीही ऐका, पैसे भरले म्हणजे आई फिटत नाही, पण तो माझ्यापुढचा प्रश्न नाही.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच धड वाक्यरचना ऐकली.

म्हणजे माझ्यापुरता प्रश्न मिटला. कायद्याने माझ्यावर काहीही येत नाही. तरी जेवण गेलं नाही. कचेरीच्या आवारातली धूळ बाधली असावी.

२८ एप्रिल

अजून अन्नावर वासना नाही. सरकारी दवाखान्यात जाऊन आले. केवळाबाईला पेपर वाचून दाखवला. माझा उच्चार तपासायचा होता. ती पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती, कळत होतं की नाही कोण जाणे. निघताना उजव्या हाताने माझा पदर धरला. सोडवून घेतला.

१९ जून

निकाल लागलाच नाही. बालाजी आणि गुरुपादप्पा यांनी आपसात मिटवलं. गुरुपादप्पा केवळाबाईला हयातभर फुकट ठेवणार, आणि बालाजी दावा मागे घेणार. दोघांनी मंचाबाहेर हात मिळवले. बालाजी स्वतः मला हे सांगायला आला, पेढे घेऊन.

म्हणजे जिथे आई सडली तिथेच तो तिला परत ठेवणार, आणि तेही जिंकल्यासारखं. मी त्याला विचारलं, तुला घरी एक खोली नाही का रे. तो म्हणाला, म्याडम, सगळ्या खोल्यांचं बुकिंग झालंय, पोरं आता यायला लागतील, त्या जखमेचं मला जमायचं न्हाई, मला बघवत न्हाई. हे शेवटचं तो खरं बोलला. खाली बघून बोलला.

पेढे परत दिले. गुरुपादप्पांनी मात्र मला हाकललं नाही. आता मी समोर आले की ते 'मॅडम' न म्हणता नुसते बाजूला होतात.

३ जुलै

केवळाबाईला आणलं. मागच्या खोलीकडे नेऊ लागले. मी जिन्यात उभी राहिले आणि म्हटलं, तिला माझ्या खोलीत ठेवा, नाहीतर मी पुन्हा लिहायला बसेन. गुरुपादप्पांनी कुंडी काढली आणि खाट ठेवली. हवेची गादीही आली आहे, पंपासकट. पंप रात्रंदिवस घुरघुरतो. माझ्या झोपेचं वाटोळं झालं.

जखम भरून येतेय, पण मधे अजून खोलगट आहे. ड्रेसिंगला दवाखान्याची सिस्टर येते. कूस बदलण्याचं काम मात्र नागम्माकडे, आणि नागम्माकडे अख्खा मजला. आजच तिने दुपारची वेळ चुकवली. घंटा वाजवून बोलावलं तर पीठ लागलेल्या हातांनी आली. तिला चपात्याही लाटायला लावतात. मी तिला फार बोलले. मग पलीकडच्या बाजूने चादर धरली, कारण ती एकटीने नीट वळवत नाही, ओढते. ओढलं की कातडी सोलते.

१७ जुलै

उशी पाठीमागे तिरकी लावायची आणि दुसरी गुडघ्यांच्या मधे. घोट्याखालीही मऊ काहीतरी लागतं. नागम्माला हे दहा वेळा सांगूनही लक्षात राहत नाही, म्हणून आता मीच लावते. माझी मऊ उशी त्यात गेली. केवळाबाई आता थोडं बोलते. काल म्हणाली, "बाई, तुमचे गुडघे." म्हटलं, माझ्या गुडघ्यांची पंचाईत तुला नको. बोलणं सुधारलं पण अक्कल तेवढीच.

२१ ऑगस्ट

आसिफ आला. खरंच आला, न कळवता, दुकान बंद ठेवून. त्याचे केस कानाशी पांढरे झालेत, हे मला माहीत नव्हतं. जेबाला वैद्यकीयला प्रवेश मिळाला, ती कालच औरंगाबादला वसतिगृहात गेली. घर सुनं वाटतं म्हणाला. माझी खोली त्याने रंगवून घेतली आहे, खिडकीला नवी जाळी बसवली. गाडी खाली उभी होती. तो माझ्या खाटेवर माझ्याशेजारी बसला. मग म्हणाला, "फुफी, घर चलो अब. मुझसे गलती हुई."

मी त्याला सांगितलं की रंगाच्या वासाने माझं डोकं दुखतं. नांदेडचा उन्हाळा मला सोसत नाही. त्याच्या घरचा चहा पाणचट असतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि केवळाबाईकडे पाहिलं. मग आणखी काही विचारलं नाही. मोठा झाला आहे.

त्याला जास्त वेळ बसू देता आलं नाही. तिला वळवायची वेळ झाली होती आणि नागम्माचा पत्ता नव्हता. म्हटलं, आलाच आहेस तर चादरीचं ते टोक धर. उचल, ओढू नकोस.